बायडाबाईचा फुटाणा

भूपाल अक्कोळ्यांच्या जैन घरात मुंगीलासुद्धा फुंकर मारून बाजूला करतात, आणि त्याच घरात दर रविवारी दुपारी दोन फौजा एकमेकींवर तुटून पडतात. यात काही वावगं आहे असं भूपालअण्णांना कधी वाटलं नाही. त्यांच्या बायकोला, चंदनाकाकूंना, मात्र पहिल्याच रविवारी वाटलं. "ह्या घरात कुनी मरायचं न्हाय," त्यांनी कमरेवर हात ठेवून सांगितलं, "खेळायचं तर तसं खेळा." बायकोचा शब्द म्हणजे वरचं कोर्ट. अण्णांनी लगेच नियम केला की गोळी लागलेला शिपाई मरत नाही, घरी जातो. घर म्हणजे पेढ्यांचा जुना खोका. लढाई रंगात आली की खोक्यात इतकी गर्दी होते की झाकण बसत नाही.

अण्णा पॅटर्नमेकर. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फाउंड्रीत एकतीस वर्षं त्यांनी लाकडाचे नमुने घडवले. पंपाचा असो नाही तर मोटारीचा, लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबून काढायचा आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेल्या लोखंडाचा रस ओतायचा. रस निवताना आटतो, म्हणून नमुना कणभर मोठा ठेवावा लागतो. त्या कणाला अण्णा 'सोड' म्हणायचे. सोड ठेवायला विसरला असा एकही माणूस त्यांच्या शिव्यांतून सुटला नाही. "लोखंड तुज्या बाचं नोकर हाय व्हय, सांगशील तेवढं ऱ्हायाला? आटनार की ते!"

निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले. त्यातच पुण्यात नोकरीला असलेली त्यांची मुलगी रुचिता एकदा परदेशी खेळाचं एक खोकं घेऊन आली. टेबलावर डोंगर, झाडं, घरं मांडायची आणि बोटभर उंचीचे शिपाई टेपनं मोजून पुढे सरकवायचे, असा तो खेळ. अण्णांनी एक शिपाई उचलला, चष्मा कपाळावर सारून न्याहाळला आणि म्हणाले, "प्लॅस्टिक? शी." दुसऱ्या आठवड्यापासून सागवानाच्या तुकड्यांतून मावळे, पठाण, तोड्याच्या बंदुका घेतलेले गारदी बाहेर पडायला लागले. त्यांतली सगळ्यात देखणी मूर्ती म्हणजे बायडाबाई, कासोटा मारून, एक गुडघा टेकून, बंदूक रोखून बसलेली. तिचं लुगडं हिरवं रंगवलं दत्तप्रसाद मास्तरांनी.

दत्तप्रसाद म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणारे, हायस्कूलमधून निवृत्त झालेले मराठीचे मास्तर आणि अण्णांचे चौथीपासूनचे दोस्त. अक्षर मोत्याचं, त्यामुळे नियमांची वही त्यांच्याकडे. इंग्रजी पुस्तकाचा अर्थ लावायलाही तेच बसले. सगळं सुरळीत चाललं होतं. गाडं अडलं ते एका प्रकरणावर. एरवी आपल्या पाळीत आपण हलायचं, समोरच्याच्या पाळीत त्यानं. पण ज्या शिपायानं आपल्या पाळीत ना पाऊल टाकलं ना गोळी झाडली, नुसता दबा धरला, त्याला समोरच्याच्या पाळीत, शत्रू आडोशातून बाहेर पडता पडता, गोळी घालता येते. परदेशी माणसानं एवढ्यासाठी चौदा पानं खर्ची घातली होती. मास्तरांनी वहीत मथळा लिहिला, 'प्रतिक्रियात्मक नेमबाजी'.

"आरं, एवढं म्हनंस्तवर शत्रू घरात शिरून च्या पिऊन जाईल की," अण्णा म्हणाले.

"मग काय लिहू?"

"दारात कोन आलं तर आपन काय म्हनतो? 'या पावणं!' झालं तर."

मास्तर खो खो हसले, त्यांनी मथळा खोडला आणि वर लिहिलं, 'पाहुणचार'. दबा धरलेल्या शिपायाशेजारी एक फुटाणा ठेवायचा. शत्रू उघड्यावर आला की समोरच्यानं शिपायावरचं बोट उचलायच्या आत "या पावणं!" असं खणखणीत म्हणायचं, त्याला आहे तिथं थांबवायचं आणि फासा टाकायचा. चार किंवा वर पडलं तर पाहुणा घरी. गोळी लागो न लागो, फुटाणा मालकानं खाऊन टाकायचा. खेळही सूर्यास्ताआधी संपवायचा, कारण अण्णा दिवस मावळल्यावर खात नाहीत आणि न खाता गोळ्या झाडता येत नाहीत. टेबलावरचा डोंगर गगनबावड्याचा घाट म्हणून केलेला. तिथं हवेच्या चिठ्ठ्यांतून पावसाची निघाली की बंदुकीची दारू भिजते आणि सगळे फुटाणे वाया जातात, म्हणजे चंदनाकाकूंच्या भेळेत जातात.

आता अण्णांचा एक अवगुण सांगायला हवा. ते घाई करायचे. शत्रूचा फेटा दिसायच्या आत "या पावणं!" म्हणून मोकळे व्हायचे आणि मग सारवासारव करायचे, "न्हाय न्हाय, तसं न्हाय, जरा फुडं येऊ दे." दोन-चार रविवार हे सोसून मास्तरांनी एके दिवशी चौदावा नियम लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. शब्द गेला की गोळी गेली. अण्णांनी तो कुरकुरत मान्य केला. त्याच नियमानं पुढे घात केला.

त्या रविवारी बायडाबाई मास्तरांच्या बाजूला होती. घाटाच्या तोंडाशी बसलेली, शेजारी फुटाणा. अण्णांचा सरदार एका दगडाआड आला होता आणि पुढच्या पावलाला तो उघड्यावर येणार होता. मास्तर श्वास रोखून बसले होते. तेवढ्यात दारात चंदनाकाकूंचे हुपरीचे मामा उभे राहिले, हातात लग्नपत्रिका. अण्णांचं नाक टेबलाला लागलेलं. घरमालक मान वर करीना आणि म्हातारा माणूस दारात ताटकळतोय हे बघून मास्तरच म्हणाले, "या पावणं, या! बसा."

अण्णांनी मान वर केली ती विजेसारखी. "मास्तर, गोळी गेली."

मास्तर हसले. थट्टाच वाटली त्यांना.

"हसताय काय? शब्द गेला की गोळी गेली. तुमच्याच अक्षरात हाय."

"अरे, हे खेळातलं नाही, खरा पाहुणा आहे! तुझ्या घरी आलेला. तू म्हणाला नाहीस म्हणून मी म्हणालो."

"नियम म्हंजे नियम."

मास्तरांनी फुटाणा उचलून तोंडात टाकला. अण्णांचा सरदार घाटातून बेधडक गेला आणि अण्णा जिंकले. मास्तरांनी रंगाचे ब्रश पुसले, वही नेहमीसारखी काखेत मारली, चप्पल घातली आणि मामांना नमस्कार करून निघून गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

आठ महिने झाले. एका गल्लीत राहून आठ महिने तोंड चुकवणं हे लढाईपेक्षा कष्टाचं काम असतं. अण्णा दूध आणायला लांबच्या वाटेनं जायला लागले. मास्तरांनी मंडईची वेळ बदलली. फोन कुणी करायचा? अण्णांचं मत, त्यानं. चूक झालीय हे अण्णांना पहिल्याच रात्री कळलं होतं, पण कळणं आणि वळणं यात कोल्हापुरी माणसाच्या बाबतीत बरंच अंतर असतं. सुट्टीला आलेल्या रुचितेबरोबर ते खेळत, जिंकतही, पण मास्तरांची खुर्ची त्यांनी कुणाला हलवू दिली नाही. करमत नव्हतं त्यांना, साधी गोष्ट आहे. नवे शिपाई बिनरंगाचे फळीवर उभे होते. काकूंनी एकदा म्हटलं, "मीच रंगवू व्हय?" तर अण्णा जेवायचे थांबले.

शेवटी रुचितेनंच फोन केला. कागलच्या कारखान्यातली काही मंडळी पुढच्या रविवारी खेळायला येणार होती, नियम वहीत आणि वही मास्तरांकडे. "काका, वही तेवढी आणून द्याल का?" तिनं विचारलं. वडिलांना मात्र ती याबद्दल अक्षर बोलली नाही. पोरगी बापाची असली तरी डोकं आईचं.

त्याच दुपारी खेळात बायडाबाई अण्णांकडे होती. बाकीची फौज खोक्यात, घरी. पण ती घाटाच्या तोंडाशी बंदूक रोखून होती आणि शेजारी शेवटचा फुटाणा होता. समोर रुचितेचा सरदार त्याच दगडाआड. तो उघड्यावर आला आणि टिपला तर अण्णा जिंकणार, निसटला तर रुचिता. रुचितेचं बोट सरदाराच्या पगडीवर होतं. बोट हललं, आणि दारात सावली पडली.

मास्तर उंबऱ्याबाहेर उभे होते. पायात चप्पल तशीच, वही छातीशी धरलेली. वही दिली की मागे फिरायचं ठरवूनच आल्यासारखे.

"या पावणं!" अण्णा ओरडले. "वाट चुकलासा व्हय?"

मनात काही यायच्या आत ते तोंडातून गेलं. इतक्या मोठ्यानं की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. अण्णांचा चेहरा फुलला होता आणि तो फुललेला असतानाच रुचिता हळूच म्हणाली, "अण्णा, बोललासा."

अण्णांनी टेबलाकडे पाहिलं. बायडाबाईनं रिकाम्या घाटावर बंदूक रोखली होती. सरदार अजून दगडाआडच होता.

अण्णांनी तोंड उघडलं. जिभेवर शब्द आलेच होते की हे खेळातलं न्हाय, खरा पावना हाय. तिथंच ते थांबले. हे शब्द कुणाचे ते त्यांना आठवलं. एकतीस वर्षं त्यांनी निर्जीव लोखंडाला आटायला जागा ठेवली होती आणि चौथीपासूनच्या दोस्ताला कणभर सोड दिली नव्हती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी बायडाबाईशेजारचा फुटाणा उचलला. "गेली गोळी," ते म्हणाले.

रुचितेनं सरदार घाटातून पुढे नेला. लढाई संपली. मास्तर दारातून बघत होते.

"मास्तर," अण्णा म्हणाले, "वही उघडा आनि चौदावा नियम खोडा. खऱ्या पावन्याला 'या' म्हटलं तर गोळी जात न्हाय, असं ल्ह्या. त्या दिशी माजं चुकलंतं."

मास्तरांनी खिशातलं पेन काढलं, पान उघडलं, आपल्याच अक्षराकडे पाहिलं. मग टोपण परत बसवलं.

"नाही खोडत."

"का?"

"फुकटात 'या' कुणीही म्हणतंय की भूपाल. तू बायडाबाईचा फुटाणा घालवून म्हणालास आणि परत मागं घेतलं नाहीस. राहू दे नियम."

फुटाणा अण्णांच्या तळहातावर तसाच होता. काकूंनी खिडकीतून बाहेर बघत सांगितलं, "खानार असशीला तर खावा. दिस बुडायला आलाय." अण्णांनी फुटाणा चिमटीत दाबला. त्याच्या दोन डाळी झाल्या. एक त्यांनी तोंडात टाकली आणि दुसरी दाराच्या दिशेनं पुढे केली.

मास्तरांनी चप्पल काढली, आत येऊन डाळ घेतली आणि आपली खुर्ची ओढली. फळीवरच्या बिनरंगाच्या शिपायांकडे त्यांची नजर गेली.

"हे काय," ते डाळ चावत म्हणाले, "आठ महिने उघडेच ठेवलेस होय रे यांना?"