सर्वेवाल्यांचं गाव

माझ्या माहेरावर जितका अभ्यास झाला आहे, तितका मी एम.ए.च्या दोन्ही वर्षांत मिळून केला नव्हता. यात गावाचं कर्तृत्व काही नाही. गाव अमरावती आणि अकोल्याच्या मधे, हमरस्त्याला लागून आहे. सकाळी निघावं, प्रश्न विचारावेत, फोटो काढावेत आणि संध्याकाळच्या चहाला घरी पोचावं. त्यातून ते खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीखालचं पाणी जिथे तोंडात धरवत नाही अशा भागातलं. मागास, खारट आणि रस्त्यावर. संशोधकाला आणखी काय हवं असतं?

समाजशास्त्रवाले सर्वांत आधी आले, कारण त्यांना कुठेही जाता येतं. मग अकोल्याकडून मातीवाले आले आणि पिशव्या भरून माती घेऊन गेले. शेजारच्या काकांची समजूत होती की तपासून झाल्यावर माती परत आणून देतात. त्यांनी बरेच दिवस वाट पाहिली. पक्षीवाल्यांनी पक्षी मोजले आणि माणसांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, म्हणून गावाला तेच सर्वांत सभ्य वाटले. ग्रंथालयशास्त्राचे एक सर आले. गावात ग्रंथालय नव्हतं. तरी त्यांनी ग्रंथालयाच्या वापराविषयी प्रश्नावली घरोघर भरून घेतली आणि वाचनसंस्कृती क्षीण होत चालल्याबद्दल चिंता व्यक्त केली. शारीरिक शिक्षणवाल्यांनी डोक्यावर पाण्याचे गुंड, म्हणजे हंडे, घेऊन येणाऱ्या बायकांना रस्त्यात थांबवून त्यांच्या माना आणि पाठी मोजल्या. ताठपणा उत्तम, असा शेरा दिला. बायकांनी तोवर गुंड डोक्यावरच धरले होते, कारण कोणी उतरवा म्हटलं नाही.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, त्यामुळे मला फार बोलता येत नाही. सामाजिक आणि पर्यावरणीय क्षेत्रांचा आवाका केवढा आहे, हे मी दरवर्षी नव्या मुलांना फळ्यावर गोल काढून सांगते. एक गोल समाजाचा, एक पर्यावरणाचा, आणि दोन्ही एकमेकांत जातात तिथे खडूने गिरवायचं. त्या गिरवलेल्या जागेत माझं माहेर आहे, एवढं मी वर्गात सांगत नाही.

गाव मात्र या सगळ्यात तरबेज झालं. विहाराच्या ओट्यावर बसलेल्या बाया सर्वेवाली पोरगी फाटकातून आत येतानाच ओळखायच्या की ही एम.ए.ची आहे की पीएच.डी.ची. एम.ए.वालीला घाई असते, पीएच.डी.वालीला पुन्हा यायचं असतं, म्हणून ती गोड बोलते. मग घरात किती माणसं, शौचालय आहे का, निर्णय कोण घेतं, हे प्रश्न यायच्या आधीच उत्तरं यायची. निर्णय दोघं मिळून घेतो, हे उत्तर सर्वेवाल्यांना आवडतं, हे आमच्या गावाला फार लवकर कळलं. तेव्हापासून कागदोपत्री आमच्या गावात सगळे निर्णय दोघं मिळून घेतात.

या सगळ्यांना सांभाळायचं काम माझ्या वहिनीकडे होतं. कोणी नेमलं नव्हतं. आमचं घर रस्त्यालगत पहिलं आणि वहिनीचा स्वभाव असा की दारात उभ्या माणसाला बसा म्हटल्याशिवाय तिला चैन पडत नाही. आधी सतरंजी, मग तांब्या-पेला, मग चहा. खाऱ्या पाण्याचा चहा नासतो आणि डाळ शिजता शिजत नाही, म्हणून माझा भाऊ पलीकडच्या गावातल्या नळावरून दुचाकीला कॅन अडकवून गोडं पाणी आणायचा. ते एका वेगळ्या माठात, फडक्याने झाकून ठेवलेलं असायचं.

आता मुद्द्याचं. वहिनीच्या किडन्या अधू झाल्या होत्या. अकोल्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की खारं पाणी बंद, नाहीतर मशीनवर यावं लागेल. आणि गोड्या पाण्याची पाइपलाइन आमच्या गावापर्यंत वाढवायची की पलीकडच्या गावातच थांबवायची, हे त्याच सुमारास ठरायचं होतं. पाणीपुरवठा कार्यालयातल्या साहेबांनी गावकऱ्यांना सांगितलं, पाणी पिण्यालायक नाही असा एखाद्या कॉलेजचा अहवाल आणा, बाकी मी बघतो. गावकरी खूश झाले. त्यांच्या मते त्यांच्याकडे अहवाल सोडून दुसरं काही नव्हतंच. पण निर्णयप्रक्रिया, पक्षी, माती, माना आणि वाचनसंस्कृती असं सगळं निघालं. पाणी कोणी तपासलेलं नव्हतं. पाणी सगळेच पिऊन गेले होते.

मी आमच्याच कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सरांना गाठलं. ते लगेच तयार झाले. त्यांना एका बहुविद्याशाखीय राष्ट्रीय परिषदेसाठी निबंध हवाच होता. ते पद्धतशीर माणूस. बोअरवर जाऊन बाटली भरणं त्यांना शास्त्रीय वाटेना. लोक प्रत्यक्ष जे पितात तेच पाणी घ्यायचं, घरोघर जाऊन, लोकांच्या हातून, असं त्यांनी ठरवलं. पद्धत म्हणून यात खोट काढायला जागा नव्हती. त्या दिवशी माझी परीक्षेची ड्यूटी होती म्हणून मी गेले नाही. विद्यार्थी पांढऱ्या बाटल्या घेऊन गेले, चहा पिऊन आले, आणि गावातले लोक किती प्रेमळ आहेत हे मला दोन दिवस सांगत राहिले.

परिषद अकोल्यात होती. व्यासपीठावर माणसं मावत नव्हती आणि सभागृहात भरत नव्हती. आधी हवामानबदल आणि मराठी लावणी यांच्या परस्परसंबंधावर कोणी बोललं, मग बचतगट, मग प्लास्टिक, मग योग. सूत्रसंचालक दर वक्त्यानंतर हा विषय काळाची गरज असल्याचं सांगत होते. आमचे सर उठले, पडद्यावर माझ्या माहेरच्या विहाराचा फोटो आला आणि त्यांनी निष्कर्ष वाचला. सर्वसाधारण समजुतीच्या विरुद्ध, या गावातलं पिण्याचं पाणी सर्व कसोट्यांवर उत्तम आढळलं.

टाळ्या झाल्या. अनपेक्षित निष्कर्षाला परिषदेत नेहमीच जास्त टाळ्या पडतात. मी उभी राहून म्हटलं की हे माझं माहेर आहे आणि त्या पाण्याने चहा नासतो. सत्राध्यक्षांनी हा मौलिक मुद्दा असल्याचं मान्य केलं आणि चहाची वेळ झाल्याचं सांगितलं. सरांना उत्कृष्ट निबंधाचं स्मृतिचिन्ह मिळालं. सर कपटी नव्हते. चहाच्या रांगेत ते मला शांतपणे म्हणाले की मॅडम, बाटलीत जे आलं ते मी तपासलं. ते खरंच होतं. माझं डोकं मात्र इतकं तापलं होतं की मी जेवण न करता तिथूनच गावची बस धरली.

वहिनी दारातच होती. तिला वाटलं कार्यक्रम छान झाला म्हणून मी सांगायला आले. मी विचारलं, त्या पोरांनी बाटल्या आणल्या तेव्हा तू कोणतं पाणी दिलंस? तिला प्रश्नच कळेना.

"माठातलं गोडं देलं. आनखी कोनतं देऊ?"

मी म्हटलं, अगं, गाव रोज पितं ते द्यायचं होतं, खारं.

"ताई, पाहुन्याले खारं पानी देते का कोनी? थे बाटली अमरावतीले जानार, मोठ्या लोकाईच्या हाती. आपल्या घरचं मनून खारं पाठवू काय?"

मग मी शेजारी गेले, त्यांच्या शेजारी गेले. सगळ्या घरांत तेच. ज्यांच्याकडे त्या दिवशी गोडं पाणी नव्हतं त्यांनी वहिनीकडून तांब्याभर उसनं आणून बाटली भरून दिली होती. आमच्या गावाने एकजुटीने केलेलं हे एवढंच काम मला आठवतं. आणि बोलता बोलता आणखी एक गोष्ट वहिनीच्या तोंडून सहज निघाली. माठातलं पाणी पाहुण्यांना पुरावं म्हणून ती स्वतः अजून बोअरचंच पीत होती. सर्वेवाले कधी येतील याचा नेम नसतो, आणि आले की पाच-सहा जण तरी असतात, ऐन उन्हातले. डॉक्टरांनी बंद केलेलं पाणी ती पीत होती आणि तिच्यासाठी आणलेलं पाणी शास्त्र पीत होतं. मी तिच्यावर खूप ओरडले. भाऊ गोठ्याकडे तोंड करून उभा राहिला. त्यालाही हे माहीत नव्हतं.

मी सरांना पुन्हा गाठलं, सगळी हकिकत सांगितली. ते मनापासून हळहळले, स्वतः बोअरवर आले, स्वतःच्या हाताने बाटल्या भरल्या. या वेळी पाणी पिण्यास अयोग्य निघालं. मला वाटलं सुटलो. पण आधीचा निबंध छापून झाला होता आणि छापलेलं मागे घेण्याची पद्धत आमच्याकडे फारशी रुळलेली नाही. सरांनी सभ्य तोड काढली. दुसरा निबंध लिहिला, पाण्याच्या गुणवत्तेतील ऋतुमानानुसार तफावत. माठाचा आणि फडक्याचा उल्लेख त्यात नव्हता, कारण, ते म्हणाले, पाहुणचार मोजायचं उपकरण रसायनशास्त्राकडे नाही. मी म्हटलं, माझ्याकडे तरी कुठे आहे? त्यांनी हसून, हा तुमचा स्वतंत्र निबंध होऊ शकतो, असं सुचवलं.

साहेबांच्या टेबलावर दोन्ही निबंध एकावर एक ठेवलेले मी पाहिले. साहेब वैतागले नव्हते, उलट हळुवार बोलत होते. एकाच गावाचे, एकाच माणसाचे निबंध, एक पाणी चांगलं म्हणतो, एक वाईट म्हणतो. मी कशावर सही करू तुम्हीच सांगा. मी माठाची गोष्ट सांगितली. त्यांना ती आवडली, त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनाही सांगायला लावली. मग त्यांनी आमचं गाव सखोल अभ्यासासाठी राखून ठेवलं. पाइपलाइन पलीकडच्या गावात थांबली.

उन्हाळ्यात वहिनीच्या पायांवर सूज आली. डॉक्टरांनी भावाला दटावलं, मलाही दटावलं. गावात राहिली तर ती पाहुण्यांसाठी पाणी वाचवणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून तिला अमरावतीला माझ्याकडे आणलं. भाऊ शेतीमुळे तिकडेच. माझ्या फ्लॅटमध्ये नळाला पाणी येतं, ते गोडं आहे, आणि दार वाजवून कोणी येत नाही. सूज उतरली. तपासण्या सुधारल्या. मी मैत्रिणींना सांगत होते की निर्णय बरोबर ठरला. तो भावाने आणि वहिनीने दोघं मिळून घेतलेला नव्हता, हे मी सांगत नव्हते.

वहिनी दिवसभर गॅलरीत बसायची. समोरच्या इमारतीतल्या लोकांची नावं तिला हवी होती आणि मला ती माहीत नव्हती. संध्याकाळी भावाला फोन करून ती हरभऱ्याचं, म्हशीचं, कोणाकडे कोण आलं याचं विचारायची. फोन ठेवला की पुन्हा गॅलरीत.

दिवाळीनंतर आमच्याच विभागाची एक विद्यार्थिनी घरी आली. शहरात आलेल्या ग्रामीण स्त्रियांच्या स्थलांतरावर तिचा लघुप्रबंध होता, आणि नमुना मॅडमच्या घरीच मिळत असल्याचं तिला कोणीतरी सांगितलं होतं. वहिनीचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळला. सतरंजी अंथरली, पाणी दिलं, चहा ठेवला. पोरगी प्रश्न विचारू लागली. स्थलांतराचं कारण काय: रोजगार, शिक्षण की विवाह? वहिनी म्हणाली, पानी. पोरीने कागद खालीवर पाहिला आणि इतरवर खूण केली. पुढचा प्रश्न होता, मूळ गावी परत जायची इच्छा आहे का, होय किंवा नाही.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे, आणि हसून म्हणाली, "नाही लिव माय. इथं चांगलं हाय."

पोरीने लिहिलं. जाताना पाया पडून गेली. मी दार लावून वळले तर वहिनी स्वयंपाकघरात, ओट्याला धरून रडत होती. मी जवळ गेले तसा तिने पदर तोंडावर घेतला.

"मले माह्या घरी जावं वाटते, ताई. तिले नका सांगू. तुमच्या घरी बसून तुमच्या पोरीले असं कसं सांगू मी?"