अध्यक्ष म्हणाले, हा आलाच नव्हता

आमच्या गावात दूध संकलन केंद्र सुरू झालं तेव्हा मी चौथीत होतो. ते सुरू करायला सहकारी दूध संघाचे अध्यक्ष स्वतः आले होते. पहाटेच्या थंडीत धोतराचा सोगा वर खोचून ते केंद्राच्या पायरीवर उभे राहिले आणि किटल्या घेऊन आलेल्या एकेका बाईला त्यांनी आक्का म्हणून हाक मारली. माझ्या आईलाही. गावात तोवर आईला कुणी पुढाऱ्यानं हाक मारलेली नव्हती. तिच्या पदराआड मी उभा होतो. अध्यक्ष माझ्याकडे बघून म्हणाले, "आक्का, ह्याला शाळेतून काढू नका बरं का. पुढं आमच्या संघात साहेब होईल."

मी संघात साहेब झालो नाही. शिकून बीडला एका चार पानी दैनिकात वार्ताहर झालो. पण ती पहाट आई विसरली नाही आणि मीही विसरलो नाही. जिल्ह्यात संस्था पुष्कळ होत्या, प्रत्येकीला अध्यक्ष होता. पण शिरूर कासारकडच्या कुठल्याही गावात नुसतं 'अध्यक्ष' म्हटलं की हेच. त्यांची बातमी लिहिताना माझं अक्षर आपोआप चांगलं यायचं.

मग तो दुष्काळ आला. दिवाळीतच विहिरींचे तळ दिसायला लागले. माणसं दरवर्षीसारखी ऊसतोडीला गेली, पण गाई-म्हशी मागं राहिल्या, आणि त्यांच्यासोबत घरातली एखादी बाई नाहीतर म्हातारं माणूस. संघाकडे जनावरांच्या छावण्या चालवायचं काम आलं. अध्यक्षांनी बीडला पत्रकार परिषद घेतली आणि सांगितलं, "आमच्या छावणीत एकही जनावर उपाशी झोपणार न्हाई. हा माझा शब्द हाय." मी ते वाक्य चौकटीत छापायला लावलं होतं.

महिनाभरानं कार्यालयात एक पोस्टकार्ड आलं. खाली नाव नव्हतं. पेन्सिलीनं लिहिलं होतं: छावणीत चारा येत न्हाई, अध्यक्ष येणार असले की येतो. संपादकांनी ते दोनदा वाचलं. संपादक म्हणजे धोतर-टोपीतले, तपकीर ओढणारे, अतिशय मितभाषी गृहस्थ. त्यांनी कार्ड माझ्यापुढे सरकवलं.

"विरोधकांचं काम असेल," मी म्हणालो.

"असेल. जाऊन बघून ये."

योग असा की त्याच आठवड्यात अध्यक्षांनी सगळ्या वार्ताहरांना छावणी दाखवायला न्यायचं ठरवलं. सकाळी विश्रामगृहासमोर संघाची जीप उभी होती. पुढं अध्यक्ष, मागं आम्ही सहाजण दाटीवाटीनं. माझ्या शेजारी उर्दू दैनिकाचे वार्ताहर होते. त्यांना सगळे चाचा म्हणायचे. साठी ओलांडलेली, काळी शेरवानी उन्हानं तपकिरी झालेली, मांडीवर पुठ्ठ्याची वही. खड्डा आला की ते माझ्या खांद्याला धरायचे आणि "माफ करना बेटा" म्हणायचे. दोन तासांच्या रस्त्यात ते किती वेळा म्हणाले असतील, सांगता येणार नाही. वाटेत अध्यक्षांनी स्वतः फोडून सगळ्यांना भुईमुगाच्या शेंगा दिल्या. गप्पा रंगल्या होत्या. माझ्या मनातलं ते पोस्टकार्ड मला खोटं वाटायला लागलं होतं.

छावणी पाहून तर ते साफ पुसलंच गेलं. माळावर ओळीनं दावणी, प्रत्येक दावणीत वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा, हिरवागार ढीग. हौद काठोकाठ. जनावरं मान वर न करता खात होती. अध्यक्ष एका बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "लिहा! काय दिसतंय ते लिहा." आम्ही लिहीत होतो.

ओळीच्या टोकाला पोत्यांचा आडोसा करून एक बाई बसली होती. चाळिशीची असेल. तिच्या दोन गाई आणि एक कालवड. तिची माणसं ऊसतोडीला गेलेली. मी तिला विचारलं, "चारा मिळतो का पोटभर?"

तिनं अध्यक्षांकडे पाहिलं. ते लांब होते. "आज हाय की पोटभर," ती म्हणाली.

"आणि काल?"

"काल तुमी कुटं आलतात?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, हसूही नव्हतं. ती गाय कशी खाते आहे तेवढंच बघत होती. मी वही मिटली. मात्र जीप निघायच्या वेळी मी अध्यक्षांना म्हणालो, "माझी मावशी इथं जवळच्या गावात असते. मी उद्या एस.टी.नं येतो." मावशी खरीच होती. तिच्याकडे जायचं मात्र माझ्या मनात नव्हतं. त्या दिवशी छावणीत पहिलं खोटं मी बोललो की अध्यक्ष, हे मी पुढं बरेच दिवस मनाशी ताडून पाहत असे.

जीप गेली. मी त्या बाईच्या आडोशाला बसलो. तिनं मला भाकरीवर ठेचा दिला. ऊन कलायला लागलं तेव्हा रस्त्यानं ट्रॅक्टर आला. मला वाटलं आणखी चारा आला. पण ट्रॉली रिकामी होती. चार गडी उतरले आणि दावणीतली उरलेली वाढी कवेत भरून ट्रॉलीत टाकायला लागले.

बायका ओरडत धावल्या. म्हातारे काठ्या टेकत उठले. ट्रॅक्टरवाला तरुण होता, त्यालाही आवडत नसावं ते काम. तो खाली बघूनच बोलत होता. "मी काय करू बाई? उद्या मुंबईचं सायब लोक पलीकडच्या छावणीत येणार हायत. तिथं टाकाया सांगितलंय."

"आन् आमच्यात कवा?"

"ते मला म्हाईत न्हाई."

माझ्यासोबतच्या बाईनं आरडाओरडा केला नाही. ती दावणीवर आडवी पडली. गड्यानं तिच्या हाताखालून वाढी ओढली तर कालवडीनं दुसरं टोक तोंडात धरलेलं. तो ओढत होता आणि कालवड सोडत नव्हती. शेवटी पात टरकन फाटली. गडी ओशाळला आणि तेवढी दावण सोडून पुढं गेला. मी उभा होतो. माझ्या हातात वही होती आणि मला पुढं होऊन त्याचा हात धरावासं वाटत होतं. मी धरला नाही.

निघताना बाई म्हणाली, "लिवणार का भाऊ?"

"लिहिणार."

"लिवा. पण माझं नाव घालू नका. पावसाळ्यात दूध आमाला संघालाच घालायचंय."

त्या दिवशी सांजेच्या एस.टी.नं मी बीडला आलो आणि थेट कार्यालयात गेलो. संपादकांनी उभ्याउभ्या सगळं ऐकलं. फोटो नव्हता, आमच्याकडे कॅमेराच नव्हता. त्यांनी माझ्या बातमीतले 'निर्लज्ज', 'कहर' असले सगळे शब्द खोडले. "जे पाहिलंस तेवढंच राहू दे. तेच पुरेसं आहे." अध्यक्षांनी सकाळी काय सांगितलं, तेही बातमीत तसंच्या तसं ठेवलं. मथळा साधा होता: पाहणीनंतर छावणीतला चारा परत नेला.

दुसऱ्या दिवशी शिरूरला आमचा एकही अंक कुणाला मिळाला नाही. एस.टी.च्या टपावरून गठ्ठा उतरला आणि उतरल्या उतरल्या कुणीतरी उचलून नेला. तिसऱ्या दिवशी आम्ही त्याच अंकाचा गठ्ठा पुन्हा पाठवला, तो कंडक्टरनं स्वतःच्या सीटखाली ठेवला आणि छावणीच्या फाट्यावर गाडी थांबवून एका म्हाताऱ्याच्या हातात दिला. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याचीही म्हैस कुठल्याशा छावणीत होती, एवढं मला नंतर कळलं.

आठवड्याच्या आत अध्यक्षांनी पुन्हा पत्रकार परिषद घेतली. मी माझ्या नेहमीच्या खुर्चीवर बसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या सगळ्यांना उद्देशून ते म्हणाले, "एका पेपरानं आपल्या छावणीची बदनामी केली. ज्यानं लिवलं त्यो छावणीत आलाच नव्हता. घरी बसून लिवलंय. अशी खोटी माणसं या बैठकीत नकोत."

मला आधी कळलंच नाही. त्यांनी बातमी चुकीची आहे म्हटलं असतं, संदर्भ तोडला म्हटलं असतं, तर माझ्याजवळ उत्तर तयार होतं. पण त्यांच्या हातच्या शेंगा मी खाल्ल्या होत्या. त्यांच्या मागं दोन हातांच्या अंतरावर बसून मी दोन तास प्रवास केला होता. आलाच नव्हता? क्षणभर मलाच वाटलं, खरंच गेलो होतो ना आपण?

तेवढ्यात शेजारून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चाचा उभे राहिले होते. ते कधीच प्रश्न विचारत नसत. फक्त लिहून घेत.

"साब," ते म्हणाले, "ये तो जीप में मेरे बाजूच बैठा था. मैं इसका कंधा पकड के आया."

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. "चाचा, तुमचं वय झालंय. तुम्हाला आठवत नसंल."

"वय झालं साब, खरं हाय," चाचा आता मराठीत बोलले. "पन खांदा आठवतो ना."

"मग तुम्हीबी जा त्याच्यासंगं."

चाचांनी वही मिटली, शेरवानीची गुंडी लावली आणि मला म्हणाले, "चल बेटा." आम्ही दोघं बाहेर आलो आणि विश्रामगृहाच्या आवारातल्या कडुलिंबाखाली बसलो. चाचा मला त्यांच्या तरुणपणची, निजामाच्या अंमलातली एक गोष्ट सांगायला लागले. एका तहसीलदारानं त्यांना असंच बाहेर काढलं होतं. ती खरी होती की माझं मन दुसरीकडे वळवायला त्यांनी तिथल्या तिथं रचली, देव जाणे. तासाभरानं बाकीचे बाहेर आले. पुण्या-मुंबईच्या मोठ्या पेपरचा वार्ताहर, जो एरवी आमच्यासारख्यांशी बोलतही नसे, सरळ लिंबाखाली आला आणि त्यानं आपली वही आमच्यापुढं उघडून धरली. "घ्या उतरून. काही सुटलं असेल तर विचारा."

पुढचं सगळं वर्ष तसंच चाललं. दर परिषदेला मी आणि चाचा लिंबाखाली आणि कुणीतरी वही घेऊन येणार. कधी एक, कधी तिघं. आत काय झालं ते आम्हाला अनेकदा आतल्या लोकांपेक्षा चांगलं कळायचं, कारण प्रत्येकजण वेगळं सांगायचा आणि मग चाचा त्यातून नेमकं काय ते काढायचे. बातमी कशी पारखायची हे मी तिथं शिकलो. आज तो काळ आठवला की अपमान आठवत नाही. लिंबाच्या निंबोळ्या, चाचांची उर्दू उजवीकडून आणि माझी मराठी डावीकडून भरत जाणारी पानं, एवढंच आठवतं.

माझी बातमी कानावर गेली तेव्हा आईनं मात्र दोन दिवस अन्न घेतलं नाही. "त्यांनी मला आक्का म्हटलेलं," ती म्हणत राहिली. मी गावी गेलो, तिच्यापुढं बसलो आणि कालवडीच्या तोंडातलं वाढं कसं ओढलं ते सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "मग कावून सांगितलं त्यांनी, चारा हाय म्हणून? चारा न्हाई म्हटले असते तर आमी काय त्यांना खाल्लं असतं का?"

बातमीनंतर छावण्यांवर रोज तपासणीला सरकारी माणूस यायला लागला. चारा पूर्ण नाही, पण नियमित यायला लागला, आणि आणलेला परत गेला नाही. मी मधूनमधून जाऊन बघून येई. त्या बाईची एक गाय गेली. दुसरी आणि कालवड जगली. पुढच्या वर्षी छावण्या उठल्या. अध्यक्ष पुन्हा निवडून आले, तेही मोठ्या मतांनी, आणि त्याचं मला नवल वाटलं नाही. संघ त्यांनीच उभा केला होता.

बऱ्याच वर्षांनी त्यांचं अध्यक्षपद गेलं. नंतर संघही बसला. नारायणगडावरून दर्शन घेऊन येताना एकदा मी त्यांच्या गावावरून चाललो होतो आणि का कोण जाणे, एस.टी.तून उतरून त्यांच्या दारात गेलो. ते ओसरीवर एकटे बसले होते. मला त्यांनी ओळखलं. बस म्हणाले. आईची विचारपूस केली. आक्का गेली हे त्यांना माहीत नव्हतं. डोळे पुसले त्यांनी.

मग आपण होऊनच बोलले. "त्या साली चारा नव्हताच कुटं. मी वणवण फिरलो. न्हाई म्हटलं असतं तर लोक घाबरले असते. जनावरं कसायाला गेली असती."

"लोकांना माहीत होतं, अध्यक्ष," मी म्हणालो. "उपाशी जनावरं त्यांच्याच समोर होती. तुम्ही सांगितलं असतं तर ते तुमच्यासोबत चारा शोधायला निघाले असते."

त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "तवा मला तोंडावर खरं कुणी बोललं न्हाई रे."

"चाचा बोलले होते."

"हां," ते म्हणाले. "आन् मी त्यांना भाईर काढलं." चाचा आहेत का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. अध्यक्षांनी मान हलवली. मला पोचवायला ते काठी टेकत रस्त्यापर्यंत आले आणि माझी गाडी मिळेपर्यंत उन्हात उभे राहिले.

बीडला उतरल्यावर मी घरी न जाता चाचांच्या मुलाच्या घड्याळाच्या दुकानात गेलो आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो डोळ्याला भिंग लावून काम करत होता. भिंग काढून त्यानं ऐकलं. "अब्बा को अच्छा लगता," तो म्हणाला, आणि समोरचं घड्याळ बाजूला ठेवून मला बसायला स्टूल दिलं.