आईला माहीत आहे

सत्तरच्या दशकात मी घनसावंगीच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. देवावर माझा विश्वास नव्हता, बायकोचा पुरेपूर होता. त्यावरून घरात कधी भांडण झालं नाही. ती सकाळी देवापुढं निरांजन लावी, तेव्हा मी अंगणात दाढी करत बसलेला असे. कधी गमतीनं विचारायचो, "तुझी देवी आहे याला पुरावा काय?" ती चुलीपाशी बसूनच म्हणायची, "तुमच्या डब्यात काय घातलं ते रोज उघडून पाहता का? घेऊन जाता न सरळ. मंग?"

याला उत्तर होतं. डबा दुपारी उघडतोच. पण ते मी बोलून दाखवायचो नाही. तिच्याशी बोलताना मला जिंकायचं नसायचं.

आमची एकुलती एक मुलगी तेव्हा चौथीत होती. त्या पावसाळ्यात तिचा घसा धरला, ताप आला, उतरला. मग गुडघे सुजले, घोटे सुजले. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सांधे बरे झाले आणि ती पुन्हा सागरगोटे खेळू लागली. दिवाळीनंतर मात्र ओट्याची पायरी चढली तरी तिला धाप लागायची. औरंगाबादला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बराच वेळ छाती तपासली आणि मला बाहेर नेऊन सांगितलं, तापानं हृदयाची झडप खराब झालीय. ऑपरेशन मुंबईला होत असे, पण पोर ते सोसेल असं त्यांना वाटत नव्हतं. "आधी थोडी सुधारू द्या," म्हणाले.

परतताना अंबडला एस.टी. थांबली. बायको म्हणाली, "उतरा." मुलीला कडेवर घेऊन मी देवीची टेकडी चढलो. बायको गाभाऱ्यातून बाहेर आली ती वेगळाच चेहरा घेऊन.

"होईल बरी पोरगी. मला कळलं."

"कसं कळलं?"

"भूक लागल्याली कशी कळती? तसं. बिलकुल बरी होईल."

तिच्या चेहऱ्यावर शंकेची रेघ नव्हती. देवीला मी तेव्हाही मानलं नाही, पण त्या दिवसापासून बायकोच्या खात्रीवर विसंबायला लागलो. सकाळी मुलीचे पाय सुजलेले दिसले की आधी बायकोच्या तोंडाकडं बघायचो. ते शांत असलं की शाळेत जायचो.

थंडी सरता सरता मुलीला आडवं झोपवेना. भिंतीला उशा लावून ती बसून असायची. एका दुपारी बायको पाण्याला गेली होती. मुलीनं मला जवळ बोलावलं.

"बाबा, देवी खरंच हाये?"

"आईला विचार की."

"आई हो म्हणती. तुम्ही सांगा. तुम्ही पाह्यली का?"

मी खोटं बोलत नाही, हे तिला माहीत होतं. पाहिल्याशिवाय, तपासल्याशिवाय मानू नका, असं मी वर्गात सांगायचो. ती त्याच शाळेत होती. हो म्हणवेना. 'नाही' तर त्याहूनही म्हणवेना. शेवटी म्हणालो, "मी नाही पाहिली. पण आईला माहीत आहे."

तिनं थोडा विचार केला. "आईला माहीत हाये म्हंजे बराबर असंल," म्हणाली, आणि माझ्या हातावर गाल ठेवून डोळे मिटले.

त्याच आठवड्यात ती गेली. सकाळची वेळ, आई तिची वेणी घालत होती. बोलता बोलता मुलीची मान पुढं कलली, तरी बायको तिच्याशी बोलतच होती. मीच जाऊन तिच्या हातातून केस सोडवले.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. बायको देवांसमोर नुसती बसून राहायची. एका संध्याकाळी मी तिला मुलीचा प्रश्न सांगितला, माझं उत्तरही सांगितलं. वाटलं होतं, पोरगी आपल्या भरवशावर शांत झोपली हे ऐकून तिला बरं वाटेल.

तिनं देवांवरची नजर काढून माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "मला माहीत नव्हतं हो."

"म्हणजे?"

"मला पाह्यजे होतं. लई पाह्यजे होतं. इतकं, की माहीत असल्यासारखंच वाटून राह्यलं होतं. आतून दोन्ही सारखंच लागतं. मंग देवी हाये हे तरी मला माहीत हाये, का नुसतं पाह्यजे हाये?"

आजवर मी तिच्याकडं थट्टेत पुरावा मागत आलो होतो. आता ती स्वतःकडंच मागत होती, आणि मला ते बघवत नव्हतं. म्हणालो, "अगं, डॉक्टरांना तरी कुठं वाचवता आलं?"

"डॉक्टरांनी खात्री न्हवती दिली. मी दिल्ती."

पुढं माझी बदली हसनाबादला झाली. देव तिनं बरोबर आणले, पूजाही चालू ठेवली. पण 'मला कळलं' हे शब्द तिच्या तोंडी पुन्हा आले नाहीत. एकदा शेजारची सून तापानं फणफणलेलं बाळ घेऊन धावत आली. "मावशी, तुम्ही रोज पूजा करता. सांगा न, देवी बरं करील न माझ्या लेकराला?"

बायकोनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग बाळ आपल्याकडं घेतलं आणि मला म्हणाली, "सायकल काढा. डॉक्टरला आणा जल्दी."

बाळ वाचलं. सुनेनं देवीला नारळ फोडला आणि प्रसाद घेऊन आली. बायकोनं तो कपाळाला लावला, खाल्ला, तिच्या बाळाची चौकशी केली. सून गेल्यावर मात्र बायको मागच्या दारी जाऊन रडत बसली. मी तिच्याशेजारी जाऊन बसलो. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघंही उठलो नाही.