आबांची कुस्ती छत्रीत अडकली

मला राग येत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचताना काही लोकांचा गैरसमज होण्याची शक्यता आहे. (आमच्या घरातल्या सगळ्यांचा झालेलाच आहे.) माणसं मुद्दाम आडमुठ्यासारखी वागत असतील आणि यंत्रं नेमकी नको तेव्हा बंद पडत असतील, तर चार शब्द जरा मोठ्यानं सांगावे लागतात, एवढंच. त्याला राग म्हणत नाहीत, शिकवणं म्हणतात. मी तेव्हा आमच्या गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचो.

गाव पारनेर तालुक्यातलं. मोबाईल अजून खिशाखिशात आले नव्हते. गल्लीत टेलिफोन एकट्या आमच्याकडे आणि इंटरनेट तर अख्ख्या गावात एकट्या माझ्याकडे! तेही साधंसुधं नव्हे, आकाशातलं. नगरच्या एका माणसानं स्लॅबवर भलीमोठी छत्री, म्हणजे डिश अँटेना, बसवून दिली होती. या इंटरनेटची तऱ्हा अशी, की ते यायचं छत्रीतून, पण जायचं टेलिफोनच्या तारेतून. तुम्ही काही मागितलं की मागणी तारेतून रांगत रांगत नगरला पोचायची आणि माल आकाशातून धाडकन छत्रीत पडायचा. दोघांतलं एक जरी रुसलं की सगळं ठप्प. तारेची जोडणी मी स्वतः केली होती. टेलिफोनची डबी कॉम्प्युटरच्या टेबलाच्या पायालाच ठोकली आणि तिथून मॉडेमला वायर दिली. अगदी सुबक काम! घरात विज्ञानाचा मास्तर असताना वायरमन कशाला बोलवायचा?

आता मुद्दा. माझे वडील, म्हणजे आबा, तरुणपणी पैलवान होते. शेजारचे गणपत तात्याही पैलवान. तीसेक वर्षांपूर्वी एका हगाम्यात, म्हणजे यात्रेतल्या कुस्त्यांच्या मैदानात, दोघं एकमेकांशी लढले होते. ती कुस्ती निकाल न लागता मध्येच सुटली. आबा म्हणत, "गणप्यानं पकड सोडली, म्हंजी त्यो हारला." तात्या मला म्हणत, "पकड तुझ्या बानं सोडली, इचार त्याला!" या वादात दोघांची मुलं संसाराला लागली, तात्यांचे केस गेले, आबांचे दात गेले, पण वाद जागेवर होता. रोज सकाळी दोघं आमच्या ओट्यावर एकत्र चहा पीत आणि त्यावरच भांडत.

त्या वर्षी मात्र प्रकरण पेटलं. आमच्या यात्रेत आखाड्याचा नारळ फोडायचा मान गावातल्या सगळ्यात जुन्या पैलवानाचा. ते बिचारे अंथरुणाला खिळले. मग यात्रा कमिटीनं ठरवलं, की त्या जुन्या कुस्तीत जो जिंकला असेल त्यानं नारळ फोडायचा. पुरावा आणा! आबांनी तीन दिवस जेवणात लक्ष दिलं नाही. चौथ्या दिवशी मला म्हणाले, "दत्ता, म्या आता किती यात्रा बघनार हाय? एकदा त्यो नारळ माज्या हातात येऊ दे."  या माणसानं माझ्याकडे आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं.

आणि पुरावा होता! आमच्या आत्याचा मुलगा सुधाकर तेव्हा त्या मैदानात होता. त्याच्या मिलिटरीतल्या वडिलांनी आणलेला टेपरेकॉर्डर घेऊन तो हगामाभर मिरवत होता आणि त्यानं त्या कुस्तीची कॉमेंट्री टेप केली होती. आता तो अमेरिकेत होता आणि टेपही त्याच्याकडेच. पोस्टानं पाठवली तर यात्रा उरकून पाळणे उठल्यावर पोचली असती. ईमेलमध्ये एवढी मोठी फाईल मावेना. (एक नंबर क्वालिटीत केली आहे, म्हणे! कुणी सांगितलं होतं?) शेवटी सुधाकर फोनवर म्हणाला, "एक फाईल शेअरिंगचं सॉफ्टवेअर आहे. तू ते टाक, माझ्या मशीनवरून फाईल थेट तुझ्या मशीनवर येईल. पोरंसुद्धा करतात."

पोरंसुद्धा करतात! मी सॉफ्टवेअर टाकलं, फाईल शोधली, बटण दाबलं आणि वाट बघत बसलो. फाईल किती उतरली ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी हलेना. त्या दीडशहाण्या सॉफ्टवेअरला माझी छत्री दिसतच नव्हती! ते सगळा माल टेलिफोनच्या तारेतूनच ओढायला बघत होतं. वर एवढी परात आभाळाकडे तोंड वासून बसली आहे आणि हे खालच्या नळीतून थेंब थेंब चोखतंय! मी इंटरनेट कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला.

"सर, आता कनेक्ट करा आणि स्क्रीनवर काय दिसतं ते मला सांगा."

"कनेक्ट कसं करू? त्याच लाइनवर तुमच्याशी बोलतोय!"

"मग फोन ठेवा आणि कनेक्ट करा, सर."

"फोन ठेवल्यावर काय दिसतं ते तुम्हाला सांगू कसं? छत्रीत तोंड घालून ओरडू?"

"सर, तुम्ही चिडू नका."

"मी चिडलेलो नाही!" (हे वाक्य गल्लीच्या टोकाला पिठाच्या गिरणीत ऐकू गेलं, असं नंतर कळलं.)

पण त्या माणसानं शेवटी दोन आकडे सांगितले, ते सॉफ्टवेअरमध्ये भरले आणि चमत्कार झाला. छत्री कामाला लागली! पट्टी सरकायला लागली. मॉडेमवरची हिरवी बत्ती लुकलुकत होती. आबा खुर्ची ओढून पट्टीसमोर बसले, जणू आखाड्याच्या कडेलाच. आणि तेवढ्यात दारातून गणपत तात्या आत आले.

"दत्तू, आमच्या नंदीचा फोन आल्ता का?"

इथे एक सांगायला हवं. गल्लीत फोन आमचाच, त्यामुळे तात्यांच्या मुलीचा पुण्याहून येणारा फोन आमच्याच घरी यायचा. तात्यांनी साऱ्या सोयऱ्यांना आमचा नंबर देऊन ठेवला होता, पुढे 'पीपी', म्हणजे शेजाऱ्याचा फोन, असं लिहून. आम्हीही कधी हरकत घेतली नव्हती. पण आज?

"तात्या, लाइन कामात आहे. आज फोन येणार नाही."

"येनार न्हाई म्हंजी? पोरगी यात्रेला कदी येती ते सांगनार हाय. तुमी लाइन अडवून बसल्यात व्हय?"

"अहो, तुमचाच निकाल लावायला बसलोय!" असं म्हणून मी टेबलावर मूठ आपटली. आणि बघतो तर काय, हिरवी बत्ती गेली! लाइन तुटली, पट्टी गेली, आणि त्या सॉफ्टवेअरची रीत अशी, की तुटलं की पुन्हा पहिल्यापासून! तात्या घरात येतात काय आणि लाइन जाते काय! याला योगायोग म्हणायचं? हरणाऱ्या माणसाला पुरावा नकोच असतो. मी आबांकडे सूचकपणे पाहिलं. आबांनी तात्यांकडे पाहिलं.

"गणप्या, तू उद्यापासून हिकडं येऊ नगंस," आबा म्हणाले.

"न्हाई येत! पर माज्या पोरीचा फोन दाबला तर बघ!"

रोजचा सकाळचा चहा त्या दिवसापासून बंद झाला. आमच्या ओट्यावर एक पेला आणि समोरच्या ओट्यावर एक पेला, आणि मधे रस्ता.

दुसऱ्या दिवशी पट्टी अर्ध्यावर आली होती. माझी बायको सुमन स्वयंपाकघरातून येऊन म्हणाली, "अहो, चहा टाकू का?"

"पट्टी अर्ध्यावर आहे आणि तुला चहा सुचतोय?" मी टेबलावर हात मारला. बत्ती गेली.

माझ्या लगेच लक्षात आलं. स्वयंपाकघरात दुसरा फोन होता! हिनं तो उचलला असणार, आणि वर चहाचं विचारायला साळसूदपणे बाहेर आली असणार.

"मी फोनला हातसुद्धा लावला नाही," सुमन म्हणाली. "अहो, मला काय वाटतं, तुम्ही जेव्हा..."

"तुला काय वाटतं ते वाटून घेऊ नकोस!" मी स्वयंपाकघरातला फोन उपटून कपाटात कोंडला आणि किल्ली जानव्याला बांधावी तशी करगोट्याला बांधली.

तिसऱ्या दिवशी पट्टी बराच वेळ एका जागी थांबली, म्हणून मी स्लॅबवर धावलो. पाहतो तर छत्रीसमोरच्या दोरीवर गोधडी! आकाशातून आबांची कुस्ती येतेय आणि आमच्या घरात तिला गोधडीनं अडवतात! मी गोधडी ओढून खाली फेकली (ती तात्यांच्या शेळीवर पडली, त्याचं वेगळं महाभारत झालं), आबांना छत्री सांभाळायला वर उभं केलं आणि खाली येऊन बसलो. पट्टी पळायला लागली.

"आलं का रं?" वरून आबा.

"येतंय! हात काढा!"

"काय?"

"हात काढा छत्रीवरचा!"

"घट्ट धरू?"

"अहो, सोडा!" म्हणत मी दोन्ही हात टेबलावर आदळले. गेली बत्ती!

आबा खाली आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. उन्हानं डोकं तापलं होतं. मला वाटलं, आता माझ्यावर ओरडतील. तर खुर्चीत बसून हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ दे, दत्ता. फोडू दे गणप्याला नारळ." तो सूर मला सहन झाला नाही. मी कंपनीवर ओरडलो, सुधाकरवर ओरडलो, उपग्रहावर ओरडलो. हे सगळं टेबलाच्या साक्षीनं.

सुमन दारात उभी राहून हे बघत होती. ती आबांना आत घेऊन गेली, काहीतरी कुजबुजली आणि आबा बाहेर येऊन म्हणाले, "दत्ता, उद्या घोडेगावचा बाजार हाय. तू जा आन् म्हस बघून ये."

"आत्ता म्हैस? फाईल कोण उतरवणार?"

"म्हस बघ म्हनलं ना!"

मी म्हशी बघायला गेलो. आमच्या गावाहून घोडेगाव म्हणजे एसटी बदलत, उभ्यानं, धूळ खात. त्या गर्दीत मी दिवसभर हिंडलो. एका दलालानं म्हशीचं वय खोटं सांगितलं म्हणून त्याच्यावर ओरडलो, पण तिथे सगळेच ओरडत होते, त्यामुळे कुणी दखल घेतली नाही. म्हैस न घेता दिवस मावळायच्या आत घरी आलो, तर ओट्यावर चपलांचा ढीग! आत यात्रा कमिटी, कोपऱ्यात अंग चोरून बसलेले गणपत तात्या आणि खुर्चीत नवी टोपी घातलेले आबा.

"फाईल आली," सुमन म्हणाली. "तुम्ही एसटीत बसलात आणि दुपारच्या आत आली. एकदाही तुटली नाही."

"अशी कशी आली? काय केलंस तू?"

"काही नाही. मी शेजारी बसून मेथी निवडत होते. अहो, तुम्ही टेबल आपटलं की पायाजवळच्या डबीतली वायर सैल होते आणि बत्ती जाते. मी रोज बघतेय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगायला तोंड उघडलं की तुम्ही टेबलच आपटायचात!"

कमिटीतल्या एकानं खाकरून हसू दाबलं. मी काही बोलणार होतो, पण आबांनी हात वर केला. "आदी लाव."

सुमननं बटण दाबलं. खरखर झाली, मग हलगी, शिट्ट्या आणि कॉमेंट्रीवाल्याचा चढा आवाज. एक नंबर क्वालिटीत! "पकड बसली हाय! दोगंबी सोडंनात! सांभाळा, सांभाळा..." आबांची मान ताठ झाली. तात्यांनी डोळे मिटले. आणि तेवढ्यात टेपरेकॉर्डरच्या अगदी जवळून एका लहान पोराची किंकाळी उठली. "माज्या आबाला सोड! ए जाड्या! सोऽऽड! सोऽऽऽड!" कॉमेंट्रीवाला मागून ओरडत होता, "सुटली! सुटली! पकड सोडली ती..." आणि पुढचं नाव त्या किंकाळीत बुडालं. मग तोच कॉमेंट्रीवाला, वैतागून, "आरं, त्ये पोरगं कुनाचं हाय? त्याला आदी भाईर न्या!" आणि खट्ट. टेप संपली.

खोलीत सगळ्यांच्या माना एकाच वेळी माझ्याकडे वळल्या.

"म्हंजी... मीच पकड सोडली हुती," तात्या हळूच म्हणाले. "लेकरू लई कळवळून रडत हुतं. मला बगवंना."

आबा त्यांच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "गप ए! म्या सोडली. माजंच लेकरू रडतंय आन् म्या काय कुस्ती खेळत बसू?"

"म्या आदी सोडली!"

"न्हाई, म्या आदी!"

तीस वर्षं समोरच्यानं आधी सोडली म्हणून भांडणारी ही दोन म्हातारी माणसं आता आपणच आधी सोडली म्हणून भांडायला लागली! आणि दोघांचेही डोळे भरलेले. कमिटीला काय करावं कळेना. मलाही भरून आलं. पण इतकी वर्षं, इतके चहाचे पेले, माझी सुट्टी, छत्री, शेळी, घोडेगाव, आणि पुन्हा तेच?

"आता बास!" मी ओरडलो आणि टेबलावर मूठ आपटली.

कॉम्प्युटर विझला. तो पुन्हा कधीच लागला नाही. फाईलही त्याच्याबरोबर गेली.

 मग आबांनी तात्यांकडे पाहिलं, तात्यांनी आबांकडे, आणि त्या कुस्तीनंतर पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं. दोघं एकदम म्हणाले, "ह्याला कुनीतरी घोडेगावला न्या!"

यात्रेत आखाड्याचा नारळ दोघांनी एकत्र हात लावून फोडला. आबांनी हलगीवर ठेका धरला, तात्यांनी त्यांना खांद्यावर घेतलं, असा हगामा गावात पुन्हा झाला नाही, असं सगळे सांगतात. मला मात्र ऐकीव माहितीवरच समाधान मानावं लागतं. हगाम्याचा दिवस नेमका घोडेगावच्या बाजाराचा होता, आणि घरच्यांना त्या वर्षी अचानक दुसरीही म्हैस बघायची होती.