पूजेला बसलेला पाना

मंडळी, डायल-अप तुटायच्या आत घाईत लिहितोय, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

आज खंडेनवमी. सकाळी वर्तकनगरच्या आमच्या कॉलनीत दोऱ्या ताणून मी गाडीचं व्हील अलाइनमेंट घरीच केलं. उजव्या चाकाची दिशा पक्की धरणारा नट आवळायचा बाकी होता, तेवढ्यात चहाला वर गेलो आणि गप्पांत विसरलो.

नंतर देवापुढे बघतो तर माझे नट आवळायचे पाने हळदकुंकू लावून मांडलेले! आईने खालून उचलून आणलेले.

"आई, गाडी कुठाय?"

"बाबा आत्याला आणायला खोपटला गेलेत."

म्हणजे त्या ढिल्या नटावरच! बाबांकडे पेजरपण नाही. गेटवर उभा राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीचं उजवं चाक बघत होतो.

आले एकदाचे. उतरताच खूश. "काय सरळ चालते रे आता! संध्याकाळी सगळे कल्याणला जाऊ."

नट ढिला आहे म्हटलं, तर म्हणे, "आत्ताच चालवून आलो ना? उगाच घाबरतोस."

पाना घ्यायला गेलो, तर आई आडवी. "पूजेतलं हत्यार आज उचलायचं नाही." शेजाऱ्यांचे पानेही पूजेतच बसलेत.

तुम्ही असतात तर उचलला असता? लवकर सांगा. गाडीची चावी माझ्या खिशात आहे आणि बाबा ती घरभर शोधतायत.