आरसा क्रमांक दोन

फ्रान्सिस्का फर्नांडिस डूख धरून बसणारी बाई आहे, हे मालवणजवळच्या त्या कॉलेजात कोणीही सांगेल. तिला त्याची लाजही नाही.

आठ वर्षांपूर्वी ती तिथल्या लेझर प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. इंटरफेरोमीटरमध्ये, म्हणजे आरशांमध्ये प्रकाश खेळवून मोजणाऱ्या यंत्रात, प्रकाशाची गळती फार दिसू लागली. आरसे दोनच, एक तिने पुसलेला, एक कौस्तुभ सामंत सरांनी. सरांनी अहवालात लिहून टाकलं, समुद्रकाठच्या देवबागहून येणाऱ्या या बाईचे खारे हात आरशाला लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी! पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेतली तिची निवड रद्द झाली आणि इथे ती परीक्षानळ्या धूत बसली.

सरांनी मोजली होती जोडीची गळती. एकेका आरशाची कोणी मोजलीच नव्हती. हे तिच्या मनातून जाईना. बदला घ्यायचा तो आकड्याने, असं तिने ठरवलं. विभागप्रमुख सत्यवती मॅडमच्या मागे लागून तिने प्रयोगशाळेची किल्ली परत मिळवली आणि दुसऱ्या आरशांवर हात बसवायला घेतला. दोन आरशांमध्ये प्रकाश कोंडायचा, लेझर बंद करायचा आणि आतला प्रकाश विझायला किती वेळ लागतो ते बघायचं. जितका उशीर, तितकी गळती कमी. सुरुवातीला आकडे वाटेल तसे उड्या मारत. तिने सगळ्यावर बंद पेटी बसवली, आतली हवा कोरडी केली, प्रत्येक मोजणी पाचशे वेळा केली. दोन वर्षांनी दहा लाखांत एकाचाही फरक पडेना. मग तिने एक नवा, तिसरा आरसा मागवला. तिघांतल्या दोघादोघांना समोरासमोर बसवलं की खोटा कोण ते कळतंच.

यंदा कौस्तुभ सर कुठल्याशा संस्थेचे संचालक झाले म्हणून कॉलेजने सत्कार ठेवला. फ्रान्सिस्काने गोड हसून त्यांना मोजणीला बोलावलं. जुने दोन आरसे अहवालाच्या दिवसापासून वेगवेगळ्या सीलमध्ये होते, ज्याने जो पुसला त्याच्या नावासहीचं सील. मॅडमनी सील फोडून, कोणता कोणाचा ते न सांगता, तिन्ही आरशांना नंबर दिले. फ्रान्सिस्काने बोटही लावलं नाही.

सरांनी विद्यार्थ्यांसमोर स्वतः मोजलं. एक आणि दोन, मिळून दहा लाखांत पन्नास. एक आणि तीन, नऊ. दोन आणि तीन, एक्कावन्न. कागदावर गणित मांडून त्यांनी निकाल दिला, दोन नंबर एकटाच सेहेचाळीस खातोय, हा पुसणाऱ्याला पुन्हा इथे पाय ठेवू देऊ नका. मॅडमनी दोन नंबरचं सील पुढे सरकवलं. त्यावर सरांचं नाव होतं.

सरांनी तिला बाजूला घेऊन हळूच माफी मागितली. कॉलेजात एरवी शुद्ध बोलणारी फ्रान्सिस्का घरच्या बोलीवर आली.

"माफ करूक मी पाद्री न्हय, सर. आकडे तुमीच काढलास, आता खाली सय करा."

चूक आपली होती असं लिहून सरांनी सही केली. तिने तीन झेरॉक्स काढल्या. एक प्राचार्यांना दिली, एक पुण्याला पाठवली. तिसरी सरांच्या नव्या ऑफिसच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने धाडली आणि पोचपावती जोडायला सांगितली, म्हणजे ती घेतानाही त्यांना सही करावी लागेल.